मानमोडीच्या सालातली भुतं: तुमच्या घरी काय सांगायचे?

ओसरी
लेकीने (वय १६) सावानातून (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) इंग्रजी कादंबरी आणली. लढाई, फ्लूची साथ, भूत आणि भुतांचे फोटो, सगळं एकाच पुस्तकात. दोन रात्रीत संपवली आणि सकाळी विचारते, "आई, १९१८ मध्ये नाशकात काय होतं गं?" मी पोळ्या लाटत होते. "मानमोडी," म्हटलं, म्हणजे तीच फ्लूची साथ, आणि आजीचा तांब्याच आठवला एकदम.

आजी तेव्हा आठ वर्षांची. वाडा तिळभांडेश्वराजवळ, घरात चौदा माणसं. पितृपक्ष चालू होता, पण पितरांना पान वाढायला घरात कुणी उभंच नव्हतं. आठवड्यात तिघं गेली. त्यातली एक मधली काकू, वय एकोणीस, नवरा तिकडे इराकात बसऱ्याला लढाईवर. ती माडीवर तापात पाणी पाणी करत होती. आजीला ताप नव्हता, पण वर जायची बंदी. तरी ती तांब्या घेऊन निघाली, अर्ध्या जिन्यात घाबरली, तिथेच पायरीवर तांब्या ठेवून पळाली.

पुढे आयुष्यभर रोज रात्री त्या पायरीवर भरलेला तांब्या. सकाळी पाणी कमी झालेलं असायचं (आजीच्या मते). भूत हा शब्द तिने कधी काढला नाही. "मधली आहे वर," एवढंच. आम्ही पोरं तिथून उडी मारून जायचो.

तुमच्याकडे असलं काही? साथीतलं, लढाईतलं, चालेल ते लिहा.

कढीपत्ता
आई गं. तो तांब्या. रात्री लिहिते, कुकर लावलाय.

कँपातला
आमच्याकडे गोरा शिपाई! देवळाली कँपात लॅम रोडला वाढलेल्या प्रत्येकाला हा भेटलेला आहे किंवा त्याच्या मावसभावाला तरी. झाडाखाली उभा असतो आणि विचारतो, "जहाज आलं का?" आता गोरा मराठीत कसा विचारतो ते विचारू नका, आमच्या आत्याने सांगितलंय म्हणजे बोलतो.

पण गंमत नाही, देवळालीत ही माणसं खरंच जहाजाची वाट बघत बसायची. नोकरी संपलेले गोरे शिपाई इथल्या लष्करी छावणीत आणून ठेवायचे, बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने. ऊन, मलेरिया, काम काही नाही. डोकी फिरायची. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली टॅप' म्हणतात ते आपल्या देवळालीवरूनच, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. एवढं मोठं योगदान, पण कँपात एक पाटी नाही.

उगाच शंका
पाणी मांजर पीत असणार.

भुताचे फोटो म्हणाल तर कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर दोनदा फोटो घ्यायचे, झालं भूत. त्या काळात धंदा जोरात होता कारण घरोघरी पोरं मेलेली. शेरलॉक होम्सचा कॉनन डॉयल, एवढा तर्कवाला माणूस, त्याचा मुलगा सोमच्या लढाईत जखमी झाला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने गेला. मृतात्म्यांवर त्याचा आधीपासून विश्वास होताच, पुढे त्या फोटोंचीही बाजू घेत राहिला.

कढीपत्ता
तांब्यात तोंड घालून पाणी पिणारं मांजर मला दाखवाच.

भगूर लोकल
मानमोडीचं माहीत नाही, आमच्याकडे प्लेग. सावरकरांचे वडील १८९९ ला प्लेगने गेले ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा सगळ्या गावाचीच ती गत. उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून मळ्यात झोपड्या घालून राहायचे. पणजीचं म्हणणं, परत आल्यावर रात्री कडी वाजायची. दोनदा वाजली तर ते मळ्यातून न आलेलं माणूस, उघडायचं नाही. तीनदा वाजली तर जिवंत. आमच्या घरात अजून कोणी तीनदा वाजवल्याशिवाय उठत नाही. कुरिअरवाले शिव्या घालतात.

शेवचिवडा
२०२१ एप्रिल. अमरधाम स्मशानाबाहेर नंबर लावून बसलो होतो. लिहायला घेतलं होतं, पुसलं. नंतर बघू.

ओसरी
नका लिहू. बसा नुसते.

एफवायबीए
ताई मी कथा लिहितेय!! नायिका १५ वर्षांची, देवळालीत भाऊ हॉस्पिटलात, ती आत्म्यांशी बोलणाऱ्या बाईकडे जाते. साथ आली कुठून नक्की? मानमोडी का म्हणायचे?

कँपातला
मान-अंग मोडून यायचं म्हणून. जून १९१८ मध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई आजारी पडले, त्यातला एक गोदीवर नेमलेला, तिथून बोभाटा. ती लाट तशी सौम्य. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट मारक, आणि पाऊसही दगा देऊन गेलेला. जास्त करून वीस ते चाळीसची धडधाकट माणसं गेली, आपल्याकडे त्यात बायका जास्त. तुझी नायिका वाचली तर नशीबवान.

भगूर लोकल
आणि ती आत्मेवाली बाई काढून टाक बरं. विलायती वाटतं. नाशकात रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना म्हटलं की अंगावर काटा येतो, आणखी काय पाहिजे?

एफवायबीए
ओह. हो की. थांबा, बाई काढते.

उगाच शंका
तिळभांडेश्वराजवळ म्हणजे तो चौकात आड असलेला वाडा का? पाडला ना तो?

ओसरी
तोच. पाडला. खाली मोबाइल कव्हरं मिळतात.

कढीपत्ता
आले. भांडी झाली. मला एकच सांग, बसऱ्याच्या नवऱ्याचं काय झालं?

ओसरी
आला की परत, १९१९ मध्ये, धडधाकट. कारकून होता तिकडे, बंदूक धरली नाही कधी. घरच्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न लावलं. पण माडीवर कधी चढला नाही म्हणे. म्हातारपणापर्यंत ओसरीवरच झोपायचा, थंडीतसुद्धा. आजी तांब्या ठेवायला निघाली की कूस बदलायचा.

शेवचिवडा
तांब्या आहे का अजून?

ओसरी
आहे. लेकीच्या टेबलावर, पेनं ठेवते त्यात.

कढीपत्ता
पेनं!! अगं चिंच लावून घासून तरी दे तिला.