शब्दचर्चा : ‘कर्नल हेडर’ आणि ‘जुळणारी आवृत्ती’

प्रश्न

क्रॉस-कंपायलर (एका संगणकावर बसून दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधणारे साधन) कसा बांधावा याची मराठी मार्गदर्शिका लिहिताना एका वाक्यापाशी मी अडलो आहे. आपल्या संगणकावर बसून एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डासाठी टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधने) तयार करायची, तर सी लायब्ररी बांधण्याआधी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हेडर फाइली (कंपायलरला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइली) सिसरूटमध्ये, म्हणजे बोर्डासाठीच्या हेडर आणि लायब्ररी ठेवायच्या डिरेक्टरीत, ठेवाव्या लागतात. त्या पायरीसाठी मी ‘बोर्डावरील कर्नलशी जुळणारी कर्नल हेडर निवडावी’ असे लिहिले होते. मसुदा दोघांनी वाचला आणि दोघेही वेगवेगळ्या वाटेने गेले. एकाने बोर्डावर चालणाऱ्या कर्नलची तंतोतंत तीच उपआवृत्ती शोधण्यात दोन दिवस घालवले; दुसऱ्याने डेबियन या लिनक्स वितरणातले ‘लिनक्स-हेडर्स’ या नावाचे पॅकेज उचलून जसेच्या तसे सिसरूटमध्ये ओतले. दोघेही जाणकार आहेत, त्यामुळे दोष माझ्या शब्दांचाच असावा. ‘कर्नल हेडर’ आणि ‘जुळणारी’ यांच्या जागी काय लिहावे? शिवाय ‘हेडर’चे लिंग कोणते धरावे, आणि ‘कर्नल’ वाचताच सैन्यातला अधिकारी डोळ्यांपुढे येतो त्याचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

दुसऱ्या वाचकाची चूक फार शिकवणारी आहे, कारण ‘कर्नल हेडर’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू नांदतात. पहिली वस्तू म्हणजे कर्नल आणि बाहेरचे प्रोग्राम यांच्यातील कराराचा मजकूर : सिस्टिम कॉलचे (प्रोग्राम कर्नलकडे करतो त्या विनंत्यांचे) क्रमांक, आयऑक्टलचे (उपकरणांना द्यायच्या आज्ञांचे) संकेत, दोन्ही बाजूंनी सारखीच समजली पाहिजे अशी स्ट्रक्चरची मांडणी. दुसरी वस्तू म्हणजे कर्नलच्या आत वापरायच्या, ड्रायव्हर किंवा मॉड्यूल लिहिणाऱ्याला लागणाऱ्या फाइली. टूलचेनला फक्त पहिली वस्तू हवी असते. गोंधळात भर अशी की डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स’ हे नाव दुसऱ्या वस्तूचे आहे आणि पहिली ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ या नावाने मिळते, तर फेडोरा या दुसऱ्या वितरणात ‘कर्नल-हेडर्स’ म्हणजे पहिली आणि ‘कर्नल-डेव्हल’ म्हणजे दुसरी. दोन घरांत एकच हाक मारली तर दोन वेगळी माणसे ‘ओ’ देतात, त्यातला हा प्रकार आहे.

खुद्द कर्नलच्या स्रोतातही हे दोन्ही मजकूर बरीच वर्षे एकाच फाइलीत शेजारी शेजारी राहत होते आणि आतला भाग एका मॅक्रोच्या आड झाकलेला असे. २०१२ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीत बाहेर द्यायचा भाग ‘यूएपीआय’ नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत हलवण्यात आला. तरीही ती डिरेक्टरी सरळ उचलून चालत नाही. ‘मेक’ या बांधणीच्या साधनाला ‘हेडर्स_इन्स्टॉल’ हे लक्ष्य द्यावे लागते. ते आतल्या खुणा आणि कर्नलपुरता मजकूर छाटून स्वच्छ प्रत काढते. या कामाला क्रॉस-कंपायलर लागत नाही, यजमान संगणकावरचा नेहमीचा कंपायलर पुरतो, म्हणूनच ही पायरी इतक्या लवकर उरकता येते.

माझी सूचना अशी की पहिल्या वस्तूला ‘सीमा-हेडर’ आणि दुसरीला ‘अंतर्गत हेडर’ म्हणावे. देवळाची उपमा चालत असेल तर पहिली उंबरठ्याबाहेरून दर्शन घेणाऱ्यासाठी आणि दुसरी गाभाऱ्यात वावरणाऱ्या पुजाऱ्यासाठी. मार्गदर्शिकेत मात्र उपमा न देता दोन्ही पॅकेजांची नावे स्पष्ट लिहावीत.

दुसरा प्रतिसाद

‘सीमा-हेडर’ मला पटले. मला बोलायचे आहे ते ‘जुळणारी’बद्दल. मराठीत मापे जुळतात, पत्रिका जुळते, हिशेब जुळतो. यांपैकी पत्रिका ‘इतके गुण पुरेत’ अशा सवलतीने जुळते आणि हिशेब मात्र पैशापैशाने जुळावा लागतो. आपल्या पहिल्या वाचकाने ‘जुळणारी’ हिशेबाच्या अर्थाने घेतले आणि त्याला दोष देता येणार नाही. इथे नाते समानतेचे नसून मर्यादेचे आहे आणि मर्यादा दोन आहेत.

जीलिबसी ही प्रचलित सी लायब्ररी बांधताना हेडरच्या आवृत्तीने वरची मर्यादा ठरते : त्या आवृत्तीनंतर कर्नलमध्ये काय आले हे तिच्यावर बांधलेल्या प्रोग्रामांना बहुतांशी कळत नाही. खालची मर्यादा ‘एनेबल-कर्नल’ या पर्यायाने ठरते : त्याहून जुन्या कर्नलवर प्रोग्राम चालेल याची हमी नसते; जीलिबसी २.३६ (२०२२) च्या आधी तर तो सुरूच होत नसे, ‘फेटल : कर्नल टू ओल्ड’ एवढे म्हणून थांबत असे. घराच्या भाषेत सांगायचे तर एक आढे आहे आणि दुसरे जोते. २.२६ या आवृत्तीपासून जीलिबसीचे जोते कर्नल ३.२ च्या खाली नेताच येत नाही. बोर्डावरचा कर्नल जोत्याखाली नसला म्हणजे प्रोग्राम निदान सुरू होतो. तो आढ्याच्या वर असला, म्हणजे हेडरपेक्षा नवा असला, तर काहीच बिघडत नाही, कारण बाहेरच्या प्रोग्रामांशी केलेला करार मोडायचा नाही हा लिनक्सचा कडक दंडक आहे.

खरा वाद कर्नल या दोहोंच्या मध्ये असतो तेव्हाचा आहे, म्हणजे हेडर नवी आणि बोर्डावरचा कर्नल जुना. जीलिबसीला हे चालते. पण ‘गेटरँडम’ हा यादृच्छिक आकडे मागणारा सिस्टिम कॉल पाहा : तो २०१४ मध्ये ३.१७ या कर्नलमध्ये आला. बोर्ड उत्पादकाच्या ३.१० कर्नलवर अडकलेला असेल आणि हेडर ४.९ ची असेल, तर प्रोग्राम विनातक्रार बांधला जातो, बोर्डावर सुरूही होतो आणि ऐन वेळी ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ ही त्रुटी हातात देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पर्यायी वाट ठेवली असेल तर ठीक, नाहीतर बिघाड ग्राहकाच्या दारात उघड होतो. उलट हेडरही ३.१० ची असती तर, निदान तो कॉल थेट क्रमांकाने करणाऱ्या प्रोग्रामाला, क्रमांकच न सापडून कंपायलरने टेबलावरच अडवले असते. म्हणूनच बिल्डरूट (छोट्या बोर्डांसाठी लिनक्स प्रणाली बांधणारे साधन) वापरणारे हेडर बोर्डावरच्या कर्नलइतकी किंवा त्याहून जुनी ठेवतात. एका बोर्डासाठी टूलचेन बांधणाऱ्याने हेच करावे, असे माझे मत आहे. नवी हेडर घेण्याचा सल्ला ज्यांचा कर्नलही नवा होत राहतो त्यांच्यासाठी बरा.

तेव्हा ‘जुळणारी’ काढून ‘पुढे न जाणारी’ लिहावे. ‘सुसंगत’ हा शब्द शिष्ट असला तरी दिशा सांगत नाही.

आणखी एक : आवृत्तीइतकेच महत्त्व आर्किटेक्चरला आहे आणि तिथेही नावांची दुहेरी आहे. कंपायलर ज्या ६४-बिट एआरएमला ‘एआर्च६४’ म्हणतो त्याला कर्नल ‘एआरएम६४’ म्हणतो. ‘मेक’ला आर्किटेक्चर सांगणारा ‘आर्क’ हा व्हेरिएबल द्यायचा राहिला तर यजमान संगणकाचीच हेडर बसते. ‘गेटरँडम’चा क्रमांक एक्स८६ च्या ६४-बिट प्रकारात ३१८, ३२-बिट एआरएममध्ये ३८४ आणि एआरएम६४ मध्ये २७८ आहे, यावरून पुढे काय होईल याची कल्पना यावी.

तिसरा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादाला छोटी पुरवणी. ही सारी चर्चा जीलिबसीची झाली. मसल ही दुसरी सी लायब्ररी सिस्टिम कॉलचे क्रमांक स्वतःजवळच बाळगते, त्यामुळे ती बांधायला कर्नल हेडर लागत नाही. बिझीबॉक्ससारखे (अनेक छोट्या आज्ञा एकत्र असलेले) प्रोग्राम बांधायची वेळ आली की मात्र हेडर लागतेच.

आता उरलेले दोन शब्द. ‘कर्नल’ऐवजी ‘गाभा’ सुचवले जाते आणि शब्द सुंदर आहे, पण ‘गाभ्याची आवृत्ती ३.१०’ असे वाचल्यावर वाचकाला मनातल्या मनात उलटे भाषांतर करावे लागते. सैन्यातल्या कर्नलशी गल्लत एखाद्याच वाक्यात व्हायची. पहिल्या उल्लेखात ‘लिनक्स कर्नल’ लिहिले की ती मिटते. लिंगाचे म्हणाल तर पानाच्या माथ्यावरचा ‘तो हेडर’ आणि ‘फाइल’ अध्याहृत असलेली ‘ती हेडर’ हा भेद बोलण्यात रुळलेला आहे. आपल्या संदर्भात स्त्रीलिंग ठेवावे आणि अनेकवचनी ‘हेडर फाइली’ असे पूर्ण लिहावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. वाक्य असे बदलले आहे : ‘बोर्डावर चालणार असलेल्या लिनक्स कर्नलच्या आवृत्तीपुढे न जाणाऱ्या सीमा-हेडर फाइली, बोर्डाचे आर्किटेक्चर नमूद करून, हेडर्स_इन्स्टॉलने सिसरूटमध्ये बसवाव्यात; डेबियनचे लिनक्स-हेडर्स हे पॅकेज या कामाचे नाही.’ त्याखाली पडताळणीही जोडली आहे. सिसरूटमधील ‘लिनक्स’ डिरेक्टरीत ‘व्हर्जन’ नावाची हेडर असते आणि तिच्यात आवृत्तीचा संकेतांक असतो. मुख्य आकडा गुणिले ६५५३६, अधिक दुसरा आकडा गुणिले २५६, अधिक तिसरा, असा तो काढतात, ३.१०.० साठी तो १९९१६८ येतो. माझ्या जुन्या टूलचेनमध्ये ही फाइल आत्ताच उघडून पाहिली. तिथे २६४४४८ आहे, म्हणजे ४.९, आणि बोर्ड ३.१० वरच आहे.