मदत हवी आहे : सावरीच्या कापसाच्या जुन्या उशा कशा स्वच्छ करू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, सिडकोत राहते. घरात चार उशा आहेत. त्यातल्या दोन फायबरच्या, त्यांची फार काळजी नाही. मशीनमध्ये हलक्या सायकलवर फिरवते आणि गच्चीत आडव्या वाळवते.

खरा प्रश्न सासूबाईंच्या दोन उशांचा आहे. आत सावरीचा कापूस, तोही गावाकडच्या झाडाचा, त्यामुळे टाकून देणं शक्यच नाही. रोज डोक्याला खोबरेल तेल लावून झोपायची त्यांची सवय, म्हणून अभ्रा कितीही बदलला तरी आतल्या खोळीवर पिवळे डाग पडलेत. त्यात यंदाच्या पावसात कुबट वासही धरला. मागे एकदा साधी कापसाची उशी मी हौसेनं भिजवली होती. आत नुसते गोळे झाले आणि आठवडाभर ओल गेली नाही! तो पराक्रम पुन्हा नको.

सध्या ऊन मिळेल तेव्हा वाळत घालते, उलटसुलट करून काठीनं झोडते. वास थोडा कमी होतो, डाग तसेच.

कापूस काढून फक्त खोळ धुवायची म्हटलं, तर सावरी घरभर उडते. कुणी हे केलंय का? तेलाच्या डागांना सोडा चालेल की भांड्यांचा साबण? आणि पंचवटी किंवा सिडको भागात सावरी पिंजून नव्या खोळीत भरून देणारे पिंजारी अजून आहेत का? साधारण किती घेतात? धाकट्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे जरा घाई आहे.