मदत हवी आहे: घरच्या फ्रूट कँडीचा दगड होतोय!

सुट्टीत मुलांसोबत घरीच बर्फाची कँडी करतेय, मोल्डमध्ये फळं भरायचं काम त्यांचंच (अर्धी फळं पोटात जातात ती वेगळी). पण कलिंगडाची कँडी पार दगडासारखी होते, दोनदा चोखली की रंग, गोडवा सगळा गायब आणि हातात नुसता पांढरा बर्फ. साखर घातली की कमी घट्ट गोठते हे माहितीये, पण साखरच टाळायचीये ना! केळं आणि दही एकत्र फिरवून केली ती मात्र मस्त मऊ झाली, पण मोठ्याला केळ्याचा वासच नको. केळ्याशिवाय मऊपणा कशाने येईल? आणि मोल्डमधून काढताना काडीच हातात येते, कँडी आतच, त्याला काय करता तुम्ही?