जिप्सीच्या गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एकच ऑइल चालेल का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)
माझ्याकडे १९९८ची जिप्सी किंग आहे. जुलैमध्ये ती दोनदा गुडघाभर पाण्यातून काढावी लागली आणि तेव्हापासून सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर अडतो. गॅरेजवाल्यांच्या मते गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेट्यांमध्ये) एकच जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या दर्जाचे) ऑइल भरावे. हे योग्य आहे का? काम स्वतःच करण्याचा विचार आहे.

उत्तर १ (नेरूळ)
सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. डिफरन्शियलच्या हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या) दातांवर घसरता दाब फार असतो, त्यामुळे तेथे जीएल-५ हवेच; परंतु गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना चक्रांचे वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगा पितळी असतात आणि जीएल-५मधील गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांच्या जास्त प्रमाणामुळे त्या झिजण्याची भीती असते, म्हणून तेथे ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या दाटपणाचा क्रमांक), जीएल-४ (अशी रसायने कमी असलेला दर्जा) वापरावे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मागे बसवलेली असते. तिचे ऑइल वेगळे बदलावे लागते, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते.

उत्तर २ (कळवा)
खालचा प्लग सोडण्यापूर्वी वरचा, भरण्याचा प्लग उघडतो की नाही ते पाहावे. तो गंजून बसला असेल आणि आपण आधीच ऑइल काढून टाकले असेल, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सनिशी जागीच अडकेल. (हा धडा मी रविवारी संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर शिकलो.) गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करावे, सपाट जागी उभी करावी आणि नवे ऑइल वरच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. निघालेले ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे असे समजावे. मग नवे ऑइल भरून काही किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे आणि ब्रीदरची नळी (आतली हवा बाहेर सोडणारी) व ऑइल सील (ऑइल गळू न देणाऱ्या कड्या) तपासावेत. प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लगदा दिसल्यास चिंता नाही, परंतु बोटाला टोचणारे तुकडे सापडल्यास गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. गिअरबॉक्सचे ऑइल काळे, पण स्वच्छ निघाले. ट्रान्सफर केसमधून मात्र थेट दुधाचा चहा आला. तिच्या ब्रीदरची नळी टोकाशी चिरली होती. नळी बदलून ऑइल भरले आहे. शनिवारी ट्रान्सफर केसचे पुन्हा काढेन. दुसरा गिअर आता पहिल्यापेक्षा हलका पडतो, तरी सकाळी किंचित अडतोच.