पहिली माशी कुठली बांधावी?

गळावर पिसं-दोरा गुंडाळून मासेमारीची नकली माशी बांधायला शिकताना सुरुवातीलाच ॲडम्स (उभ्या पंखांची, पाण्यावर तरंगणारी माशी) बांधायला घेतलीत आणि पंख काही केल्या उभे राहीनात, असं तुम्ही लिहिलंय. अहो, साहजिकच आहे! ते जोडपंख भल्याभल्यांना रडवतात. वर कुणीतरी एल्क हेअर कॅडिस (एल्क हरणाच्या केसांची माशी) सुचवलीय, पण केस दोऱ्याखाली गरगर फिरतात, त्यामुळे तीही थोडी नंतरच.

माझं मत वूली बगर या माशीला. ८ किंवा १० नंबरचा गळ घ्या (नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे विसरू नका). शेपटीला माराबूची मऊ पिसं, साधारण गळाच्या दांडीएवढी लांब. अंगाला शनील (लवदार जाड दोरा), त्यावरून हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचे, विरळ वेढे. माराबू पाण्यात आपसूक हलतं, म्हणून ओबडधोबड बगरलाही ट्राउट मासा लागतो. चूक एकच होते, तीही सगळ्यांची: शनील पार पुढपर्यंत नेतात आणि डोकं बांधायला जागाच उरत नाही. मग गळाचं नेढं (दोर ओवायचं भोक) दोऱ्याने बुजतं आणि नदीवर सुई शोधत बसावं लागतं. नेढ्यामागे दोन मिलिमीटर दांडी मोकळी सोडा.

चार-पाच बगर झाले की फेझंट टेल निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी, फेझंट पक्ष्याच्या पिसाची माशी. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर ती दोऱ्याशिवाय, नुसत्या तांब्याच्या बारीक तारेने आणि फेझंटच्या शेपटीच्या तंतूंनी बांधत. तारच वजन देते, माशी झटकन बुडते. तंतू मात्र ठिसूळ, माशाच्या दातांनी तुटतात. वरून तारेचे उलटे वेढे दिले तर जास्त टिकतात.