‘जागतिकीकरण’ : शब्दाची घडण आणि किनारपट्टीवरील वापर

प्रश्न (देवगड) :
महाविद्यालयातील परिसंवादासाठी मी एक टिपण लिहीत आहे. ‘जागतिकीकरण’, ‘वैश्वीकरण’ आणि ‘पाश्चात्यीकरण’ हे शब्द बऱ्याच लेखांत एकाच अर्थाने आलेले दिसतात. बाजारपेठेत पिझ्झा मिळू लागला, शिमग्यात डीजे आला, मुले कोरियन मालिका पाहू लागली, की या सगळ्याला जागतिकीकरणच म्हटले जाते. नेमका भेद कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (वेंगुर्ले) :
आधी शब्दाची घडण पाहू. ‘जागतिक’ आणि ‘करण’ यांच्या मध्ये जो ‘ई’ दिसतो तो संस्कृतातील च्वि प्रत्ययामुळे येतो, आणि व्याकरणकार त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा देतात, म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे म्हणजे शुद्धीकरण. त्याच न्यायाने ‘कोकणाचे जागतिकीकरण’ असे लिहिताना कोकण पूर्वी जगाशी जोडलेले नव्हते, असे आपण नकळत मान्य करतो, आणि माझी हरकत नेमकी इथे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख आहे. सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. काजू, अननस, बटाटा, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, ‘हापूस’ हे नाव अल्फान्सोवरून पडले, आणि ज्या मिरचीवाचून मालवणी मसाल्याची कल्पनाही करवत नाही ती मिरची मूळची अमेरिकेतली. या वस्तू आणि त्यांची नावे इथे इतकी मुरली की त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून या जुन्या व्यवहारासाठी ‘जागतिक देवाणघेवाण’ असे साधे शब्द वापरावेत आणि ‘जागतिकीकरण’ हा शब्द अलीकडच्या प्रक्रियेपुरता राखून ठेवावा, असे मला वाटते.

प्रतिसाद (रत्नागिरी) :
वेंगुर्लेकरांनी दिलेली फोड बरोबर आहे, परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा रूढीने ठरतो. मराठीत हा शब्द रुळला तो १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर. खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची आद्याक्षरे जोडून ‘खाउजा’ असा शब्दही त्या काळी भाषणांतून आणि अग्रलेखांतून वापरला जाऊ लागला. त्यामुळे ‘पूर्वी नव्हते’ हा अर्थ सर्वस्वी चुकीचा ठरत नाही; फक्त पूर्वी काय नव्हते, ते स्पष्ट करावे लागते.

माझ्या मते पूर्वी नव्हती ती दूरवरून ठरणाऱ्या अटींची पकड. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली आणि २०१५ च्या आरंभी बंदी उठवली. अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, तीही विकिरण प्रक्रियेच्या, म्हणजे फळातली कीड किरणांच्या माऱ्याने निष्प्रभ करण्याच्या, अटीवर, आणि त्यासाठी आंबा नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात जाऊ लागला. झाड आपल्या कलमबागेत, फळाला लागू होणारा नियम मात्र समुद्रापलीकडे लिहिलेला. काजूचेही तसेच आहे. आफ्रिकेतून काजू बी आयात होते आणि इथल्या बागायतदाराला आपल्या बीचा दर ठरताना त्या आयातीकडे पाहावे लागते. जागतिकीकरण या शब्दाचा गाभा मला या परस्परावलंबनात दिसतो. पिझ्झा हा त्याचा अगदी किरकोळ दाखला आहे.

‘पाश्चात्यीकरण’ हा शब्द कोरियन मालिकांना लावणे तर उघडच चूक आहे, कारण कोरिया आपल्या पूर्वेला आहे. पाश्चात्य राहणी, पेहराव किंवा विचार यांचे अनुकरण दाखवायचे असेल तेव्हाच तो वापरावा.

प्रतिसाद (कुडाळ) :
माध्यमांविषयी थोडी भर घालतो. १९९१-९२ पासून उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा आपण प्रामुख्याने प्रेक्षक होतो. आता दशावताराचे चित्रीकरण यूट्यूबवर येते आणि आखाती देशात नोकरीला असलेला आपला माणूस ते तिथे बसून पाहतो. मालवणी बोलीतले विनोदी व्हिडिओही असेच दूरवर पोहोचतात. याला केवळ ‘सांस्कृतिक आक्रमण’ म्हणता येणार नाही. तरीही रात्रभर रंगणाऱ्या दहिकाल्यातले, म्हणजे दशावतारी नाटकातले, युद्धच तेवढे मिनिटभरात कापून दाखवले जाते, तेव्हा उत्स्फूर्त संवादांची जी कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली ती नव्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. या परिणामासाठी ‘सपाटीकरण’ हा शब्द मला योग्य वाटतो. कला जगभर पोहोचणे आणि तिचे सपाटीकरण होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असल्या तरी टिपणात त्या वेगळ्या मांडाव्यात. शिमग्यातल्या डीजेचा विचारही मी या दुसऱ्या शब्दाखाली करीन, कारण तिथे ढोल-ताशाच्या गावोगावच्या वेगळ्या चालींची जागा सगळीकडे सारख्याच वाजणाऱ्या गाण्यांनी घेतली आहे.

प्रतिसाद (वेंगुर्ले) :
रूढीचा मुद्दा मला मान्य आहे. ‘वैश्वीकरण’ राहिले होते. हिंदीत ‘वैश्वीकरण’ आणि ‘भूमंडलीकरण’ असे दोन्ही शब्द चालतात. मराठीत मात्र ‘विश्व’ या शब्दाला संतवाङ्मयामुळे आध्यात्मिक छटा आहे, तर ‘जग’ हा रोजच्या व्यवहाराचा शब्द आहे. बाजार, माध्यमे आणि राहणीमान यांच्याबद्दल लिहिताना ‘जागतिकीकरण’च वापरावे आणि अवतरणात ‘वैश्वीकरण’ आले असेल तर ते न बदलता तसेच ठेवावे.