अब्राहाम नीतिमान ठरला तो नेमका केव्हा?

प्रश्न: बायबलमधील पौलाच्या पत्रात, रोमकरांस ३:२८ नुसार, मनुष्य नियमशास्त्रातील (मोशेद्वारे दिलेल्या आज्ञांतील) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो, तर याकोब आपल्या पत्रात २:२४ मध्ये म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे. दोघेही दाखला इस्राएलचा मूळपुरुष अब्राहामाचाच देतात, मग मेळ कसा घालावा?

पहिले उत्तर: क्रम पाहावा. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो, सुंतेची आज्ञा १७व्यात येते आणि पौलाच्याच गलतीकरांस ३:१७ प्रमाणे नियमशास्त्र देवाने अब्राहामाला दिलेल्या अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आले. म्हणजे पौलाच्या लेखी कृपा आधीची. याकोबाची नजर मात्र २२व्या अध्यायातील वेदीवर, पुत्र इसहाकाच्या अर्पणावर, म्हणजे विश्वासातून आलेल्या कृतीवर आहे.

दुसरे उत्तर: थोडी पुस्ती जोडतो. रोमकरांस ३:२८ मधील ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात घातला; गंमत म्हणजे मुळात तो याकोबाच्याच वचनात आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. याकोब २:१५-१६ मधील, उपाशी भावाला नुसते ‘तृप्त व्हा’ म्हणणारा विश्वास पौलालाही मान्य नसावा, हे ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ म्हणणारे गलतीकरांस ५:६ पुन्हा वाचताना जाणवले.